आपोआप उभे राहणारे रेणूंचे पिंजरे

कोणतीही वास्तू उभारावयाची म्हटली, की तिच्यामागे एखादा योजक, एखादा आराखडा आणि काम करणारे हात असावयाचेच, अशी माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. आवारात विटा आणून टाकल्या आणि त्यांनी आपणहून भिंत रचली, असे कोणी सांगितले तर ऐकणारा हसेल. तथापि ज्या सृष्टीत विटेचे माप मीटरच्या अब्जांशाच्या जवळपास असते, त्या सृष्टीत नेमका हाच प्रकार नित्य घडत असतो. तेथे गवंडी नाही, परांची नाही आणि मुकादमही नाही. विटा पाण्यात सोडावयाच्या, आणि काही काळाने त्यांचा रेखीव पिंजरा तयार झालेला पाहावयाचा.

निसर्ग ही कला फार पूर्वीपासून जाणतो, याचा एक ठसठशीत पुरावा १९५५ साली मिळाला. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारा एक विषाणू आहे. त्याचे शरीर म्हणजे प्रथिनाच्या असंख्य सारख्या तुकड्यांची नळी आणि तिच्यात गुंफलेला न्यूक्लिक अम्लाचा धागा. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात हाइन्झ फ्रँकेल-कॉनराट आणि रॉब्ली विल्यम्स या दोघा संशोधकांनी हे दोन्ही भाग वेगळे केले आणि पुन्हा एकत्र मिसळले. सुटे तुकडे आपापल्या जागी जाऊन बसले आणि मूळच्यासारखे दांडके तयार झाले. एवढेच नव्हे, तर ते पानांना पुन्हा रोग जडवू लागले. याचा अर्थ असा, की त्या रचनेचा आराखडा बाहेर कोठे ठेवलेला नव्हता. तो तुकड्यांच्या आकारातच लिहिलेला होता.

मग रसायनशास्त्रज्ञाला स्वतःच्या हाताने घडविलेल्या तुकड्यांत असा आराखडा लिहून ठेवता येईल काय? आणि तो साधला, तर तयार झालेली वास्तू परिस्थिती पाहून आपला आकार बदलू शकेल काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे गेल्या साडेतीन दशकांत होकारार्थी मिळाली आहेत. ती समजून घेण्यासाठी प्रथम धातू आणि इतर रेणू यांच्यातील एका विशिष्ट नात्याकडे वळले पाहिजे.

शाळेतील प्रयोगशाळेत मोरचुदाचे फिकट निळे पाणी पुष्कळांनी पाहिलेले असते. त्यात अमोनियाचे पाणी थेंबथेंब घातले तर प्रथम निळसर साका बसतो. आणखी घातले की तो साका विरघळतो आणि सारे द्रावण गर्द निळे होते. हा रंग तांब्याच्या अणूभोवती अमोनियाचे रेणू जाऊन बसल्याचा द्योतक होय. अशा संयुगांचे कोडे १८९३ मध्ये झुरिक येथील आल्फ्रेड वर्नर या अवघ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने उलगडले. धातूच्या अणूभोवती बसणाऱ्या रेणूंची संख्या ठरलेली असते, आणि त्यांच्या जागांची दिशाही ठरलेली असते, असे त्याने प्रतिपादिले. या कार्यासाठी त्याला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

धातूला असा बिलगणारा जो घटक, त्याला रसायनशास्त्रात ‘लिगंड’ म्हणतात. लिगंडाच्या अंगी बहुधा नायट्रोजनासारखा एखादा अणू असतो आणि त्याच्याजवळ इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी असते. ती जोडी तो धातूला वापरू देतो आणि त्यातून बंध जुळतो. प्रत्येक धातूची आवड मात्र निराळी. पॅलॅडियमाला चार शेजारी लागतात, तेही एका सपाट चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, काटकोनात. लोखंड आणि कोबाल्ट यांना बहुधा सहा लागतात : वर, खाली आणि चार बाजूंना. म्हणजे धातूचा अणू हा जणू सुताराचा गुण्या झाला. तो कोपऱ्याचा कोन राखतो. लिगंड म्हणजे त्या कोपऱ्यांना जोडणारी काठी अथवा फळी. कोपरे आणि काठ्या यांची निवड विचारपूर्वक केली, की कोणती आकृती बनेल हे पुष्कळ अंशी आधीच सांगता येते.

परंतु केवळ कोन जुळले म्हणून वास्तू उभी राहत नाही. द्रावणात अब्जावधी तुकडे सैरावैरा धावत असतात. त्यांच्यातील पहिलीच भेट योग्य जागी होईल, हे संभवत नाही. पुष्कळ तुकडे प्रथम चुकीच्या ठिकाणी जुळतात. मग त्या चुका दुरुस्त कोण करतो? या सर्व रसायनाचे मर्म याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

शिंपी अंगरखा शिवताना आरंभी कच्चा टाका घालतो. अंगरखा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून पाहतो. कोठे ओढ बसत असेल तर दोरा उसवतो आणि पुन्हा घालतो. पहिल्याच झटक्याला पक्की शिलाई मारली तर चूकही पक्की होऊन बसेल. कार्बन आणि कार्बन यांच्यामधील बंध अशा पक्क्या शिलाईसारखा आहे. तो एकदा जुळला की सहजासहजी सुटत नाही. उलट, योग्य धातू आणि योग्य लिगंड यांच्यामधील बंध कच्च्या टाक्यासारखा असतो. तो रचना धरून ठेवण्याइतका बळकट, पण द्रावणातील नित्याच्या धडपडीत सुटू शकेल इतका नरम. चुकीचा जोड ताणलेला असतो, किंवा त्याची टोके मोकळी लोंबकळत असतात; म्हणून तो लवकर सुटतो. योग्य जोड सुखाने बसलेला असतो. म्हणून तो टिकतो. जुळणे आणि सुटणे असे अगणित वेळा होता होता, जिच्यात कोणतेही टोक मोकळे नाही आणि कोठेही ताण नाही, अशी आकृती शेवटी उरते.

जपानमधील चिबा विद्यापीठात माकोतो फुजिता आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये हे तत्त्व एका साध्या आकृतीवर दाखवून दिले. त्यांनी पॅलॅडियमाच्या चार जागांपैकी दोन एका लहान रेणूने आधीच झाकून टाकल्या. उरल्या त्या दोन जागा, परस्परांशी काटकोनात. जोडीला घेतला सरळ काठीसारखा एक रेणू, ज्याच्या दोन्ही टोकांना नायट्रोजन होता. दोन्ही पाण्यात मिसळताच चार धातू आणि चार काठ्या मिळून चौकोन तयार झाला. येथे कोणी विचारील, की लांबच लांब साखळी का तयार झाली नाही? त्याचे कारण असे, की साखळीची टोके उपाशी राहतात. चौकोनाला टोकच नसते. शिवाय थोड्या तुकड्यांत पुरी होणारी आकृती घडली म्हणजे तेवढ्याच सामग्रीतून अधिक संख्येने स्वतंत्र रेणू मोकळे राहतात, आणि निसर्गाचा कल अशा मोकळेपणाकडे असतो. चौकोनाहून लहान त्रिकोण बनता, तर काटकोन मोडावा लागला असता. म्हणून गाडी तेथेच थांबली.

सपाट चौकोनानंतर पोकळ घनाकृती आली. फुजिता यांनी १९९५ मध्ये काठीच्या ऐवजी त्रिकोणी फळी घेतली. तिच्या तिन्ही कोपऱ्यांवर नायट्रोजन होता. अशा चार फळ्या आणि सहा पॅलॅडियम मिळून अष्टफलक पिंजरा तयार झाला. हिशेब अगदी सोपा आहे. चार फळ्यांचे मिळून बारा हात. सहा धातूंच्या प्रत्येकी दोन मोकळ्या जागा, म्हणजे त्याही बारा. एकही हात रिकामा नाही आणि एकही जागा मोकळी नाही. पिंजऱ्याच्या आठ बाजूंपैकी एकाआड एक अशा चार बाजू फळ्यांनी झाकलेल्या असतात आणि उरलेल्या चार खिडक्यांसारख्या उघड्या असतात. पाण्यात राहणे न आवडणारे तेलकट स्वभावाचे रेणू या खिडक्यांतून आत शिरतात आणि तेथे आश्रय घेतात. या आतल्या पाहुण्यांमुळेच पिंजऱ्याला पुढे एवढे महत्त्व आले.

तुकड्याच्या आकारातील किंचित फरक साऱ्या वास्तूचे रूप कसे पालटतो, हे २०१० मध्ये फुजिता यांच्याच गटाने दाखविले. त्यांनी दोन वाकड्या काठ्या घेतल्या. एकीचा बाक सुमारे १२७ अंशांचा, दुसरीचा सुमारे १४९ अंशांचा. पहिलीपासून १२ धातू आणि २४ काठ्यांचा गोल बनला. दुसरीपासून २४ धातू आणि ४८ काठ्यांचा. मग दोन्ही काठ्या निरनिराळ्या प्रमाणांत मिसळल्या. मधल्या आकाराचे गोल बनतील, किंवा दोन्हींची सरमिसळ होईल, अशी कोणाचीही अपेक्षा असती. तसे झाले नाही. एका ठराविक प्रमाणापर्यंत सारे गोल लहान, आणि ते ओलांडताच सारे मोठे! याच वाटेने पुढे जाऊन २०१६ मध्ये ४८ धातू आणि ९६ काठ्या, म्हणजे एकूण १४४ तुकड्यांची वास्तू याच गटाने उभी केली. या पिंजऱ्यांचे स्फटिक करून त्यांतून क्ष-किरण पाठविले, की किरणांच्या विखुरण्यावरून अणूंच्या जागा निश्चित करता येतात. म्हणूनच ही वर्णने कल्पनेतील चित्रे नसून मोजमापाने सिद्ध झालेल्या गोष्टी आहेत.

पिंजऱ्यात शिरलेल्या पाहुण्याचा स्वभाव कसा बदलतो, याचे उदाहरण केंब्रिज येथील जोनाथन निट्श्के आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. पांढरा फॉस्फरस हा अत्यंत घातक पदार्थ. हवा लागताच तो आपोआप पेट घेतो, आणि याच गुणामुळे युद्धात त्याचा विध्वंसक अस्त्र म्हणून उपयोग झालेला आहे. त्याचा रेणू चार अणूंचा, चतुष्फलक आकाराचा. संशोधकांनी चार लोहअणू कोपऱ्यांवर आणि सहा लिगंड कडांवर असा चतुष्फलकच पिंजरा पाण्यात उभा केला. त्यात फॉस्फरसाचा एकेक रेणू जाऊन बसला आणि हवेतही शांत राहिला. गंमत अशी, की पिंजरा प्राणवायूला आत येऊ देत नाही म्हणून हे घडते असे नव्हे. फॉस्फरसाशी प्राणवायूचा संयोग झाला तर बनणारा रेणू आकाराने मोठा असतो आणि त्या खोलीत तो मावत नाही. म्हणून तो संयोगच घडत नाही. पुढे द्रावणात बेंझीन घातले, की बेंझीनाचा रेणू खोलीत शिरून फॉस्फरसाला बाहेर काढतो आणि पिंजरा अभंग राहतो.

आता दुसऱ्या, अधिक कुतूहलाच्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. पिंजरा आपला आकार बदलू शकतो काय? जीवसृष्टीत आकारबदल ही नित्याची गोष्ट आहे. रक्तातील हीमोग्लोबिन चार घटकांचे बनलेले असते आणि प्रत्येकात लोखंडाचा एक अणू असतो. एका लोहअणूला प्राणवायू चिकटला की साऱ्या रेणूची ठेवण किंचित बदलते आणि उरलेल्या जागांना प्राणवायू धरणे सोपे जाते. केंब्रिजमध्येच काम करणाऱ्या मॅक्स पेरुट्झ यांनी या प्रथिनाची रचना उलगडली आणि १९६२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. एका ठिकाणी मिळालेला संदेश दुसऱ्या ठिकाणी कार्य घडवितो, ही जिवंत पदार्थाची खूण मानली जाते. प्रयोगशाळेतील पिंजऱ्यांनी या खुणेच्या दिशेने पहिली पावले टाकली आहेत.

निट्श्के यांच्या गटाचा २०१२ मधील प्रयोग या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यात चार कोबाल्ट आणि सहा लिगंड यांचा चतुष्फलक पिंजरा होता. त्याच्या द्रावणात परक्लोरेट नावाचे ऋण आयन घातले. पिंजऱ्यांनी हा संदेश ओळखला, ते उसवले आणि नव्याने शिवले गेले. या वेळी दहा कोबाल्ट आणि पंधरा लिगंड यांची पंचकोनी चिती तयार झाली, तळ आणि माथा पंचकोनी असलेल्या पिंपासारखी. तिच्या पाच बाजूंच्या पाच कोनाड्यांत पाच परक्लोरेट बसले. धातू आणि लिगंड यांचे प्रमाण दोन्ही आकृतींत सारखेच, दोनास तीन. म्हणून पाच चतुष्फलक मोडले की बरोबर दोन चिती होतात आणि एकही तुकडा वाया जात नाही. पण खरे नवल पुढेच आहे. पाच कोनाडे भरताच चितीच्या मध्यभागी एक नवीन पोकळी सिद्ध झाली, आणि ती मिठाच्या पाण्यात असणाऱ्या क्लोराईड आयनाला घट्ट धरून ठेवू लागली. मूळच्या चतुष्फलकात ही पोकळी नव्हतीच. एका आयनाचा संदेश मिळाला, तेव्हा दुसऱ्या आयनासाठी जागा निर्माण झाली.

आकार बदलण्यासाठी दर वेळी काही पदार्थ घालावाच लागतो असेही नाही. जर्मनीतील गिडो क्लेव्हर आणि सहकारी यांनी २०१६ मध्ये प्रकाशाकडून हे काम करवून घेतले. त्यांनी निवडलेला लिगंड अतिनील किरण पडताच आतल्या आत एक नवा बंध जुळवून ताठ होतो, आणि दृश्य प्रकाश पडला की तो बंध सोडून पुन्हा सैल होतो. सैल अवस्थेत तीन पॅलॅडियम आणि सहा लिगंडांची लहान कडी बनते. ताठ अवस्थेत २४ पॅलॅडियम आणि ४८ लिगंडांचा मोठा गोल. येथेही प्रमाण तेच राहते. आठ कड्या मिळून एक गोल, आणि तोही केवळ उजेडाच्या आज्ञेने!

या साऱ्याचा व्यवहारात उपयोग काय, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारणारच. विजेच्या मोठ्या खटक्यांत निरोधक म्हणून वापरला जाणारा सल्फर हेक्साफ्लोराईड हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डाय-ऑक्साइडच्या वीस हजारांहून अधिक पट उष्णता अडवितो. लोखंडाचा चतुष्फलक पिंजरा हा वायू पाण्यात निवडून पकडतो, असे २०११ मध्ये आढळून आले. बर्कली येथे केनेथ रेमंड आणि रॉबर्ट बर्गमन यांनी गॅलियम धातूचे पिंजरे उत्प्रेरक म्हणून वापरले. एका विशिष्ट रासायनिक क्रियेचा वेग त्यात दहा लाखांहून अधिक पट वाढल्याचे त्यांनी २०१० मध्ये नोंदविले. शरीरातील विकरे जे करतात, त्याच्या जवळ जाणारी ही मजल होय. भारतातही बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत पार्थसारथी मुखर्जी आणि मद्रासच्या आय.आय.टी.त दिलीप कुमार चंद यांचे गट पॅलॅडियमाच्या पिंजऱ्यांवर काम करीत आहेत.

तथापि अतिशयोक्ती टाळली पाहिजे. पॅलॅडियम महाग आहे. अनेक पिंजरे अम्ल लागताच मोडतात. उत्प्रेरक म्हणून वापरताना तयार झालेला माल पिंजऱ्यातच अडकून बसतो आणि पुढचे काम खोळंबते. बर्कलीच्या प्रयोगात तो बाहेर येताच दुसऱ्या पदार्थाशी जोडून टाकावा लागला, तेव्हा कोठे काम सुरळीत चालले. या पिंजऱ्यांची भावंडे म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या अखंड जाळ्या. त्या घन असतात आणि वायू साठविण्यास सोयीच्या ठरतात. त्यांच्या विकासासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमार याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पिंजरे मात्र द्रावणात सुटे राहतात, एकेकटे हिंडतात आणि संदेश मिळताच रूप बदलतात. त्यांचे सामर्थ्य आणि त्यांची नाजूकता या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून उपजतात.

ते कारण म्हणजे तोच कच्चा टाका. जो बंध सुटू शकतो, त्याच्यामुळेच चुकीचा जोड दुरुस्त होतो. आणि जो बंध सुटू शकतो, त्याच्यामुळेच पुऱ्या झालेल्या वास्तूला नवा संदेश ऐकून नवे रूप घेता येते. तोच बंध प्रतिकूल परिस्थितीत सुटला की वास्तू कोसळते, ही त्याची किंमत आहे. पुढच्या संशोधकांपुढील काम हेच आहे, की टाका कोठे कच्चा ठेवावा आणि कोठे पक्का करावा, याचा विवेक रेणूंच्या घडणीतच आधी लिहून ठेवावा. तो विवेक जसजसा साधेल, तसतसे विषारी द्रव्य पाण्यातून उचलणारे, औषध योग्य जागी नेऊन सोडणारे आणि काम संपताच मोकळे होणारे पिंजरे घडविण्याची आशा अधिक सार्थ होत जाईल.